जुन्या गाडीचा ब्रेक लागत नाही? पार्ट बदलण्याआधी पेडल काय सांगतंय ते बघा

इंजिन बंद पडलं तर गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहते. फार तर दोन-तीन तास वाया जातात आणि टोइंगवाल्याचे पैसे जातात. पण ब्रेक गेला तर गाडी उभीच राहत नाही.

हे आत्ता सांगायचं कारण म्हणजे जुन्या गाड्यांची सध्या जोरात असलेली क्रेझ. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंद झालेल्या शेवटच्या प्रीमियर पद्मिनीची २० वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली आणि पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सी रस्त्यावरून गेली. खासगी पद्मिनी मात्र अजून आहेत. कुणाच्या वाड्यात, कुणाच्या सोसायटीच्या कोपऱ्यात, कुणाच्या आजोबांच्या गॅरेजमध्ये. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट म्हणून आणि नंतर पद्मिनी म्हणून बनलेली ही गाडी आता नातवंडं बाहेर काढायला लागलीत.

रंग होतो, क्रोम चमकतं, सीटला नवं कव्हर येतं, रील पण होते. ब्रेक मात्र रीलमध्ये दिसत नाही. म्हणून तो शेवटी राहतो.

मग गाडी बाहेर काढली की एकच तक्रार असते. "ब्रेक कमी लागतोय." आणि गॅरेजमध्ये एकच उत्तर मिळतं. "हवा काढून देतो." हवा काढतात, दोन दिवस बरं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी परत तेच.

कारण ब्रेक कमी लागणं हा एक बिघाड नाही. ती पाच-सहा वेगवेगळ्या बिघाडांची एकच तक्रार आहे. नेमका कुठला बिघाड आहे, हे पेडल दाबल्यावर पायाला काय जाणवतं त्यावरून बऱ्यापैकी कळतं. कसं, ते एकेक करून बघू.

आधी ही सिस्टिम चालते कशी?

हायड्रॉलिक ब्रेकमागे शाळेत शिकलेला पास्कलचा नियम आहे. बंद भांड्यातल्या द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोहोचतो.

समजा तुम्ही पेडलवर ३० किलोचा जोर दिला. पेडल ही एक तरफ असते. तिने हा जोर पाचपट केला तर मास्टर सिलिंडरच्या पिस्टनवर १५० किलोचा जोर येतो. पिस्टनचा व्यास २० मिलिमीटर धरला तर त्याचं क्षेत्रफळ साधारण ३.१४ चौरस सेंटिमीटर होतं. म्हणजे पाइपात दर चौरस सेंटिमीटरला जवळपास ४८ किलोचा दाब तयार झाला. गाडीच्या टायरमध्ये हवेचा दाब जेमतेम २ किलो असतो. म्हणजे टायरच्या वीसपटीहून जास्त दाब त्या बारीक नळीत आणि रबरी होज पाइपात असतो.

हा दाब चारही चाकांच्या व्हील सिलिंडरपर्यंत जातो. तिथले पिस्टन बाहेर सरकतात, ब्रेक शूला ड्रमवर दाबतात आणि लायनर घासून चाक थांबतं.

यात दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली म्हणजे द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. दुसरी म्हणजे मास्टर सिलिंडर एका वेळी अगदी थोडंच ब्रेक ऑइल पुढे ढकलतो. ते ऑइल वाटेत कुठे वाया गेलं तर ब्रेकसाठी काही उरत नाही. पेडलच्या बहुतेक तक्रारी या दोन गोष्टींवर येऊन थांबतात.

आणि एक गोष्ट जुन्या गाड्यांची. त्या काळातल्या फियाट ११०० सारख्या गाड्यांमध्ये चारही चाकांना मिळून ब्रेकचं एकच सर्किट असायचं. आताच्या गाड्यांमध्ये दोन असतात, एक गेलं तरी दुसरं थोडंफार थांबवतं. अमेरिकेत तर १९६८ पासून नव्या मोटारींना अशी दोन भागांची सिस्टिम सक्तीची झाली. एकाच सर्किटच्या गाडीत मात्र एका चाकाचा होज पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो. उरतो तो फक्त हँडब्रेक.

म्हणून जुन्या गाडीत "थोडासाच लीक आहे, बघू नंतर" असं काही नसतं.

पेडल स्पंजसारखं लागतंय

पेडल दाबलं की मऊ लागतं, खाली जातं, भरभर पंप केलं की वर येतं, पण तरीही रबरासारखं दबतच राहतं. हे सिस्टिममध्ये हवा असल्याचं लक्षण. इथे हवा काढणं हाच उपाय.

हवा काढताना सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांब असलेल्या चाकापासून करतात. आपल्याकडच्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत साधारणपणे आधी मागचं डावं, मग मागचं उजवं, मग पुढचं डावं आणि शेवटी पुढचं उजवं. गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम दिला असेल तर तोच पाळा. निप्पलला पारदर्शक नळी लावायची, नळीचं दुसरं टोक ब्रेक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवायचं आणि बुडबुडे बंद होईपर्यंत एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने निप्पल उघडायचं आणि पेडल सोडायच्या आत बंद करायचं. मध्येच टाकी रिकामी झाली तर हवा परत आत जाते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

इथे एक सापळा आहे. रोजच्या वापरात पेडल कधीच पूर्ण खाली जात नाही. त्यामुळे मास्टर सिलिंडरच्या आतल्या शेवटच्या भागात वर्षानुवर्षं गंज आणि गाळ साठलेला असतो. हवा काढताना पेडल पार तळाला नेलं की आतलं रबरी वॉशर त्या गंजावरून घासतं आणि फाटतं. म्हणजे हवा काढायला गेलो आणि मास्टर सिलिंडर गमावून बसलो. यावरचा उपाय साधा आहे. पेडलखाली लाकडाचा छोटा ठोकळा ठेवा, म्हणजे ते तळाला टेकणारच नाही.

दोनदा नीट हवा काढूनही पेडल मऊच असेल तर तिसऱ्यांदा काढू नका. मग हवेचा संबंध नाही. एकतर रबरी होज पाइप जुने होऊन दाबाखाली फुगत असतील. एकाने पेडल दाबून धरायचं आणि दुसऱ्याने होज पाइपाला हात लावून बघायचं, फुगलेला कळतो. नाहीतर नवीन लायनरची गोलाई ड्रमच्या गोलाईशी जुळत नसेल. शू फक्त मध्यभागी टेकतो आणि दाबल्यावर स्प्रिंगसारखा वाकतो. ड्रमच्या आतल्या बाजूला खडू घासा, शू त्यावर टेकवून हलवा. लायनरवर खडू फक्त मध्येच लागला तर कारण सापडलं.

पहिल्यांदा खाली जातं, दुसऱ्यांदा दाबलं की घट्ट

हे वरच्यासारखंच वाटतं, पण आहे वेगळं. दुसऱ्यांदा दाबल्यावर पेडल वर येतं आणि दगडासारखं घट्ट राहतं. म्हणजे हवा नाही. शू आणि ड्रममधलं अंतर वाढलंय.

लायनर झिजत गेले की शूला ड्रमपर्यंत पोहोचायला जास्त अंतर जावं लागतं. मास्टर सिलिंडरने ढकललेलं ऑइल शूला तिथवर नेण्यातच संपतं. दुसऱ्यांदा दाबलं की शू आधीच जवळ असतो, म्हणून ब्रेक लागतो. नव्या गाड्यांमध्ये हे अंतर आपोआप कमी होतं. जुन्या ड्रम ब्रेकमध्ये ते हाताने सेट करावं लागतं.

चाक उचला, हँडब्रेकची तार ढिली करा, अ‍ॅडजस्टर फिरवत शू ड्रमला टेकेपर्यंत आणा आणि मग चाक मोकळं फिरेल इतकाच मागे घ्या. चारही चाकांना हेच. एका रुपयाचा पार्ट न बदलता कित्येक जुन्या गाड्यांचा ब्रेक एवढ्यानेच सुधारतो. म्हणून ही पायरी आधी करायची, हवा नंतर काढायची.

पेडल वर आणण्यासाठी काही जण मास्टर सिलिंडरचा पुशरॉड लांब करतात. हे अजिबात करू देऊ नका. पेडलला सुरुवातीला किंचित मोकळी चाल लागतेच. ती काढून टाकली की मास्टर सिलिंडरमधलं परतीचं बारीक छिद्र झाकलेलं राहतं. ब्रेक ऑइल गरम होऊन फुगतं, त्याला टाकीत परत जायला वाट मिळत नाही आणि चालत्या गाडीचे ब्रेक हळूहळू स्वतःच लागायला लागतात.

पाय ठेवला की पेडल हळूहळू बसतंय

सिग्नलला उभे आहात, पेडलवर एकसारखा जोर आहे आणि ते सावकाश खाली चाललंय. हे सगळ्यात धोक्याचं लक्षण. गाडी तिथून पुढे न्यायची नाही.

दाब कुठूनतरी निसटतोय. कुठून, ते टाकी सांगते. टाकीतलं ब्रेक ऑइल कमी होत असेल तर बाहेर लीक आहे. चारही चाकांच्या आतल्या बाजूला ओल दिसते का बघा, होज पाइपांवर भेगा आहेत का बघा, लोखंडी नळ्यांना गंज आहे का बघा. व्हील सिलिंडरच्या टोकाची रबरी टोपी थोडी उचलली आणि आतून ऑइल आलं तर तो सिलिंडर गेलाय. ऑइल लागलेले लायनर धुऊन, तापवून परत लावायचे नाहीत. ते बदलायचेच.

ऑइल कमी होत नाही आणि तरी पेडल बसतंय, तर गळती मास्टर सिलिंडरच्या आत आहे. वॉशर झिजलंय आणि ऑइल त्याच्या बाजूने मागे येतंय. इथे फक्त किट बदलून भागतं का, हे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर ठरतं. भिंत गुळगुळीत असेल तर किट पुरतं. गंजाचे खड्डे असतील तर नवं किट काही दिवसांत फाटणार. मग नवा सिलिंडर घ्यायचा किंवा जुन्याला पितळेची वा स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह बसवून घ्यायची.

पेडल घट्ट आहे, पण गाडी थांबत नाही

म्हणजे दाब नीट तयार होतोय, पण घर्षण होत नाहीये. लायनर काचेसारखे चकचकीत झाले असतील, त्यांच्यावर ग्रीस किंवा ब्रेक ऑइल लागलं असेल, नाहीतर वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीत व्हील सिलिंडरचे पिस्टन गंजून जाम झाले असतील.

जाम चाक शोधायला चाकं उचला. एकाने पेडल हलकं दाबून धरायचं, दुसऱ्याने एकेक चाक हाताने फिरवून बघायचं. जे फिरतंय ते काम करत नाही.

पावसाळ्यात पाण्यातून गाडी गेली तरी ड्रममध्ये पाणी शिरून ब्रेक काही वेळ लागत नाही. पाण्यातून बाहेर आल्यावर हळू चालवत पेडल हलकं दाबून ठेवलं की लायनर सुकतात. आणि एक लक्षात घ्या. या गाड्यांना आताच्यासारखा ब्रेक बूस्टर नसेल तर पायाला जोर जास्त लागणारच. रोज स्विफ्ट चालवणाऱ्याला चांगली पद्मिनीसुद्धा सुरुवातीला कमी ब्रेकची वाटते.

ब्रेक मारला की गाडी एका बाजूला खेचते

गाडी उजवीकडे खेचत असेल तर बहुतेक वेळा दोष डाव्या चाकात असतो. उजवं चाक आपलं काम करतंय, डावं करत नाहीये. आधी दोन्ही टायरची हवा सारखी आहे का बघा. मग डाव्या चाकाचा सिलिंडर, लायनर आणि होज पाइप तपासा. आणि लायनर बदलायचे तर एका एक्सलच्या दोन्ही चाकांचे एकत्र बदला.

ब्रेक सोडला तरी चाक जड

रबरी होज पाइप बाहेरून ठीक दिसतो, पण आतून सुजून बंद होत येतो. पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं, पण परत येत नाही. चाक तापतं, पेट्रोल जास्त लागतं आणि ब्रेक कमजोर होतो.

जड झालेल्या चाकाचं निप्पल उघडा. ऑइलची पिचकारी उडाली आणि चाक मोकळं झालं तर दाब अडकलाय. एकच चाक जड असेल तर त्याचा होज पाइप बघा, सगळीच जड असतील तर मास्टर सिलिंडर आणि पुशरॉड बघा. निप्पल उघडूनही चाक जडच राहिलं तर शू, स्प्रिंग किंवा हँडब्रेकची तार अडकलीय.

नावात ऑइल आहे, पण ते तेल नाही

आपण सगळे त्याला ब्रेक ऑइल म्हणतो आणि घोळ तिथेच होतो. डॉट ३ आणि डॉट ४ हे तेल नाही, ग्लायकोलवर आधारलेला द्रव आहे. टाकी कमी दिसली म्हणून कुणी त्यात इंजिन ऑइल टाकलं तर आतलं रबर सुजतं, मऊ होतं आणि संपूर्ण सिस्टिमचं रबर बदलावं लागतं. जांभळ्या रंगाचं सिलिकॉनचं डॉट ५ सुद्धा यात मिसळायचं नाही.

हा द्रव हवेतलं पाणी शोषतो. नवं डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतं. पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरलं की हाच आकडा १४० पर्यंत खाली येऊ शकतो. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. म्हणून दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलायचं आणि अर्धी उघडी राहिलेली बाटली वापरायची नाही. सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर नव्या रंगाची सालं निघतील.

आणि मग येतो घाट

सपाट रस्त्यावर "चालतंय की" वाटणारा ब्रेक घाटात उघडा पडतो. माणसांसकट १२०० किलोची गाडी खंडाळ्याहून खोपोलीकडे साधारण ५०० मीटर खाली उतरली, तर जेवढी ऊर्जा सुटते तेवढ्यात जवळपास १८ लिटर पाण्याला उकळी येईल. फक्त ब्रेकवर उतरलात तर ही बहुतेक उष्णता त्या चार ड्रमांमध्ये जाते.

ड्रम तापून फुगतो आणि शूपासून लांब जातो. लायनरची पकड कमी होते. ब्रेक ऑइलमध्ये पाणी असेल तर ते उकळून वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच दबते. पेडल थेट तळाला जातं. खाली थांबून थंड झालं की ब्रेक परत लागतो, म्हणून लोकांना वाटतं काही झालंच नव्हतं.

जुना नियम आजही खरा आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रल कधीच नाही. पेडलवर पाय ठेवून बसू नका, वेग वाढला की दाबून कमी करा आणि सोडा.

काम सुरू करण्याआधी

गाडी जॅकवर सोडून खाली जाऊ नका. स्टँड लावा आणि जमिनीवरच्या चाकांना ओट लावा. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, त्यामुळे ड्रममधली धूळ हवेच्या प्रेशरने उडवायची नाही, तोंडाने तर नाहीच. मास्क घालून ओल्या फडक्याने पुसा.

पार्टसाठी पुण्याची नाना पेठ किंवा कुर्ल्याचा सीएसटी रोड पालथा घालाल. तिथे कुणी "तीस वर्षं जुनं, ओरिजिनल, न वापरलेलं" किट दिलं तर खूश होऊ नका. लोखंडी पार्ट असा मिळाला तर नशीब म्हणा. रबर मात्र डब्यात पडूनही म्हातारं होतं. वॉशर आणि होज पाइप अलीकडे बनलेलेच घ्या.

काम झालं की उभ्या गाडीत पेडल एक मिनिट जोरात दाबून धरा. ते जराही खाली गेलं नाही तरच पुढे. मग मोकळ्या मैदानात १० च्या वेगाने, नंतर ३० च्या वेगाने थांबवून बघा. गाडी सरळ थांबते का, चारही ड्रम सारखे तापतात का, कुठे ओल येते का, हे तपासा. मग रस्ता, आणि सगळ्यात शेवटी घाट.

ड्रम लेथवर घेणं, सिलिंडरला स्लीव्ह, नव्या नळ्या वळवणं ही कामं जाणत्या मेकॅनिककडेच द्या. पण त्याच्याकडे जाताना "ब्रेक कमी लागतोय" एवढंच सांगू नका. "पहिल्यांदा खाली जातं, दुसऱ्यांदा घट्ट होतं" किंवा "पाय ठेवला की हळूहळू बसतं, टाकी कमी होत नाही" असं सांगा. या एका वाक्याने दोन चकरा वाचतील, नको ते पार्ट बदलले जाणार नाहीत, आणि आजोबांची गाडी जिथे थांबवायची तिथेच थांबेल.